किनारा नावावरून निवडू नये : ग्रीक बेटांवरील ‘सर्वोत्तम दहा’च्या यादीचा प्रतिवाद

ग्रीक बेटांवरील सुटीत कोणते समुद्रकिनारे पाहावेत, या प्रश्नाला आजच्या प्रवासलेखनाने एक ठरीव उत्तर देऊन ठेवले आहे. बेट ठरवावे, त्यावरील ‘सर्वोत्तम दहा’ किनाऱ्यांची क्रमवार यादी मिळवावी, हाताशी असलेल्या दिवसांत ती वरून खाली वाटून घ्यावी आणि कोणत्या तारखेला कोणता किनारा हे घर सोडण्यापूर्वीच निश्चित करावे, असे ते उत्तर आहे. मार्गदर्शिका, सहल-कंपन्यांची कार्यक्रमपत्रके आणि छायाचित्रांखालच्या ओळी ते इतक्या एकमुखाने सांगतात की, त्यामागे काही गृहीतके आहेत आणि ती तपासता येतात, याचाच विसर पडतो. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्राच्या बाबतीत ती गृहीतके मुळातच चुकीची आहेत, तर ग्रीस आणि इटली यांच्यामधल्या आयोनियन समुद्राच्या बाबतीत ती निम्मीच खरी ठरतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रतिवाद करण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे आवश्यक आहे. यादीचे समर्थक तीन मुद्दे पुढे करतात. पहिला असा की, ग्रीसमध्ये लहानमोठी मिळून सुमारे 6,000 बेटे-बेटुकली आहेत, त्यांपैकी 227 बेटांवर वस्ती आहे, आणि आठ दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाला चाचपडत बसण्याइतका वेळ नसल्याने त्याच्या वतीने कोणी तरी आधी निवड करून ठेवली पाहिजे. दुसरा मुद्दा असा की, ही निवड एकट्यादुकट्याची लहर नसून तिच्यामागे हजारो प्रवाशांची मते असतात, आणि अनेकांच्या मतांची सरासरी एकाच्या अंदाजापेक्षा अधिक विश्वसनीय असते. तिसरा मुद्दा असा की, ‘ब्लू फ्लॅग’सारखी आंतरराष्ट्रीय मानांकने किनाऱ्याच्या गुणवत्तेची तटस्थ हमी देतात, त्यामुळे निवडीला वस्तुनिष्ठ आधार मिळतो. हे तिन्ही मुद्दे वरवर समंजस आहेत आणि त्यांना ‘प्रत्येकाची आवड वेगळी’ एवढेच उत्तर देणे म्हणजे वाद टाळणे होय.

या पक्षाचा मूळ दोष कोणता किनारा कितव्या क्रमांकावर ठेवला यात नसून, किनाऱ्याला क्रमांक देता येतो असे मानण्यातच आहे. क्रम लावण्यासाठी वस्तू स्थिर असावी लागते. एखादे देवालय, संग्रहालय किंवा किल्ला सोमवारी आणि गुरुवारी तोच असतो, म्हणून त्यांची तुलना होऊ शकते. एजियन बेटावरील पुळण मात्र सोमवारी आरशासारखी निवांत असते आणि गुरुवारी त्याच जागी छत्र्या उडत असतात, डोळ्यांत वाळू जात असते व पाण्यात पाऊल ठेवणेही नकोसे होते. पुळणीचे स्थान, वाळू आणि कडे तेच राहतात. पण ज्यासाठी प्रवासी तेथे जातो, ते पोहण्याजोगे पाणी आणि बसण्याजोगी जागा, दर दिवशी वाऱ्याच्या दिशेनुसार नव्याने घडते किंवा बिघडते.

हा वारा म्हणजे मेल्तेमी. जून ते सप्टेंबर या काळात, आणि विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहणाऱ्या कोरड्या, जोरकस वाऱ्याला हे नाव असून, प्राचीन ग्रीक लेखकांना तो ‘एतेसियन’ म्हणजे दरवर्षी येणारा वारा म्हणून परिचित होता. बाल्कन प्रदेशावर जास्त दाबाचा आणि तुर्कस्तानातील अनातोलियाच्या पठारावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की, या दोहोंमधली हवा एजियनच्या चिंचोळ्या सागरपट्टीतून वेगाने दक्षिणेकडे सरकते. अनातोलियावरील हा कमी दाबाचा पट्टा दक्षिण आशियातील मोसमी न्यूनदाबाचाच इराणमार्गे पश्चिमेकडे गेलेला फाटा असल्याने, कोकणात पाऊस पाडणारी आणि सिक्लाडीझ बेटांवर, म्हणजे मध्य एजियनमधल्या मिकोनोस, नाक्सोस, पारोस, मिलोस, सान्तोरिनी इत्यादी बेटांच्या समूहावर, वारा सोडणारी वायुव्यवस्था एका व्यापक उन्हाळी रचनेचे दोन भाग ठरतात. कोकणातला पाऊस ढगांनी वर्दी देऊन येतो. मेल्तेमी मात्र स्वच्छ निळ्या आकाशाखाली वाहतो, दुपारी चढतो, बहुधा रात्री मंदावतो, आणि एकदा लागला की अनेकदा काही दिवस टिकतो. नभ निरभ्र असल्यामुळेच छायाचित्रात तो दिसत नाही, आणि यादी मात्र छायाचित्रांवर उभी असते.

या वाऱ्याचे महत्त्व ग्रीकांना नव्याने कळलेले नाही. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनीस याने मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्धच्या आपल्या पहिल्या भाषणात तक्रार केली होती की, फिलिप आपल्या मोहिमांसाठी नेमका एतेसियन वाऱ्यांचा किंवा हिवाळ्याचा काळ साधतो, कारण तेव्हा अथेन्सच्या आरमाराला उत्तरेकडे पोचता येत नाही. ज्या वाऱ्याने आरमार अडवले, तो वारा सुटीच्या दिवसांच्या आखणीत मुळीच न धरणे, ही आधुनिक यादीची खास कामगिरी म्हटली पाहिजे. ग्रीसमध्ये आजही उन्हाळ्यातील रोजचा हवामान अंदाज वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट मापनश्रेणीत, म्हणजे शून्य ते बारा अशा अंकांत, सांगतो, आणि बेटांवरील माणसे तो अंक ऐकूनच दिवसाची कामे ठरवतात. या श्रेणीतला पाच म्हणजे ताशी सुमारे 29 ते 38 किलोमीटर आणि सात म्हणजे सुमारे 50 ते 61 किलोमीटर वेग होय. जुलै-ऑगस्टमध्ये सिक्लाडीझमध्ये सहा-सात हे आकडे अपवादात्मक मानले जात नाहीत.

मराठी वाचकाला ही गोष्ट पटवून देण्यासाठी एका भेदाकडे लक्ष वेधले पाहिजे. कोकण किनाऱ्यावर समुद्र वाचायचा तो भरती-ओहोटीवरून. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढते, आणि एकच चौपाटी सकाळी मैदानाएवढी तर दुपारी पट्टीएवढी होते. एजियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी वीतभराहून फारसा नसतो, त्यामुळे तेथे पंचांगाचा उपयोग नाही. तेथे किनाऱ्याचे रूप पालटवणारी एकमेव मोठी शक्ती वारा हीच आहे. कोकणातल्या माणसाला कोणी भरतीची वेळ न सांगता ‘सर्वोत्तम दहा पुळणी’ सांगू लागला, तर त्याच्या ज्ञानाविषयी शंका घेतली जाईल. ग्रीक बेटांच्या याद्यांविषयी तीच शंका घेण्याचे काहीच कारण नाही, असे मानणे विसंगत आहे.

आता प्रत्यक्ष बेटांकडे पाहता येईल. मिलोस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील साराकिनिको ही जागा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या पांढऱ्याशुभ्र खडकासाठी प्रसिद्ध असून ती जवळपास प्रत्येक यादीत सापडते. परंतु तिचे तोंड उत्तरेकडे असल्याने मेल्तेमीच्या दिवशी लाटा थेट तिच्या चिंचोळ्या खाचेत शिरतात, आणि वाळू तर तेथे नावापुरतीच आहे. त्याच दिवशी त्याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील फिरिप्लाका किंवा पालिओखोरी येथे पाणी शांत असू शकते, आणि वारा दक्षिणेचा झाला की हे चित्र नेमके उलटे होते. मिकोनोसवर ओर्नोस, प्लातीस यालोस, एलिया हे किनारे दक्षिणेकडे आहेत, तर उत्तरेकडच्या उपसागरातील फ्तेलिया वाऱ्यावर चालणाऱ्या फळ्यांच्या खेळासाठी, म्हणजे विंडसर्फिंगसाठी, ओळखला जातो. नाक्सोसवर मिक्री विग्ला येथे एकच टेकडीवजा भूशिर पुळणीचे दोन भाग करते, आणि उत्तरेकडचा भाग वाऱ्याच्या शौकिनांनी गजबजलेला असताना दक्षिणेकडच्या भागात मुले उथळ पाण्यात खेळत असतात. ऱ्होड्सच्या अगदी दक्षिण टोकाला प्रासोनिसी येथे वाळूच्या एका पट्ट्याच्या एका बाजूला लाटा आणि दुसऱ्या बाजूला सपाट पाणी असा देखावा एकाच वेळी दिसतो. या ठिकाणी ‘मिक्री विग्ला कितवा?’ किंवा ‘प्रासोनिसी चांगला की वाईट?’ असा प्रश्न विचारणे निरर्थक आहे, कारण उत्तर कोणत्या बाजूला आणि कोणत्या दिवशी यावर अवलंबून राहते.

पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा, म्हणजे अनेकांच्या मतांच्या सरासरीचा, येथेच कोसळतो. सरासरी विश्वसनीय ठरण्यासाठी सर्वांनी एकच गोष्ट मोजलेली असावी लागते. जूनच्या निवांत सकाळी आलेल्याने दिलेली पसंती आणि ऑगस्टच्या वादळी दुपारी आलेल्याने व्यक्त केलेली निराशा एकत्र करून जो अंक निघतो, तो कोणत्याही एका दिवसाचे वर्णन करत नाही. असा सरासरी दिवस कोणाच्याही वाट्याला येत नाही. याहून मोठी अडचण अशी की, ज्या माहितीमुळे ही मते उपयोगी पडली असती, ती वाऱ्याची दिशा, वेळ आणि महिना ही माहिती सरासरी काढतानाच पुसली जाते. हजारो साक्षी गोळा करून त्यांतली साक्षीची वेळ तेवढी खोडून टाकावी, तसे हे आहे.

उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेकडे जावे, एवढे सूत्र सांगितले की काम भागते, असा समजही टिकणारा नाही, आणि प्रतिवाद प्रामाणिक राहायचा असेल तर ही मर्यादा सांगितली पाहिजे. वाताभिमुख, म्हणजे वारा अंगावर घेणारी बाजू लाटांची असते हे खरे. परंतु वातविन्मुख, म्हणजे आडोशाची बाजू नेहमीच निवांत असते असे नाही, कारण उंच डोंगर ओलांडून आलेला वारा उतारावरून झोतांच्या रूपाने खाली कोसळतो. दक्षिण क्रीटमधील प्लाकियास आणि कार्पाथोस बेटाचा आफियार्तिस हा भाग अशाच झोतांसाठी माहीत आहे, आणि पारोसच्या आग्नेय किनाऱ्यावरील ‘गोल्डन बीच’ येथे तर याच वाऱ्यामुळे 1990 च्या दशकात जागतिक दर्जाच्या विंडसर्फिंग स्पर्धा भरत होत्या. शिवाय आडोशाच्या बाजूला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पाणी काठाशी सपाट दिसते आणि हवेने फुगवलेली गादी किंवा चक्र घेऊन उतरलेले मूल नकळत आत ओढले जाते. पोहता न येणारी माणसे ज्या कुटुंबात आहेत, त्या कुटुंबासाठी हा धोका खवळलेल्या समुद्रापेक्षाही फसवा आहे. या गुंतागुंतीमुळे यादीची बाजू बळकट होत नाही, उलट ती अधिकच दुबळी होते, कारण जेथे साधे सूत्रही पुरत नाही तेथे एका नावापुढे लिहिलेला एक अंक काय सांगणार?

आयोनियन समुद्रातील कॉर्फू, केफालोनिया, झाकिन्थोस या बेटांवर मेल्तेमीचा जोर पोचत नाही. तेथे वायव्येकडून दुपारी उठणारा आणि संध्याकाळी निवणारा तुलनेने सौम्य वारा असतो. यादी येथे निम्मी खरी ठरते असे वर म्हटले ते या कारणाने. उरलेल्या निम्म्या भागात तिला भूरचना अडवते. केफालोनियाचा मिर्तोस हा पांढऱ्या गोट्यांचा आणि उंच कड्यांच्या पायथ्याचा किनारा छायाचित्रात अप्रतिम दिसतो, पण काठापासून काही पावलांतच तळ झपाट्याने खोल जातो आणि लाट मागे फिरताना पायांखालचे गोटे ओढून नेते. कसलेल्या पोहणाऱ्याला जे सुख वाटेल, ते लहान मुलांच्या आईला सुख वाटणार नाही. एजियनमधील सान्तोरिनीवर तर भूरचनेकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षा मुक्कामापासूनच सुरू होते. कांस्ययुगातील महास्फोटानंतर आजचे रूप घेतलेल्या त्या बुडीत ज्वालामुखीकुंडाच्या, म्हणजे काल्डेराच्या, काठावर सुमारे 300 मीटरपर्यंतचे सरळ कडे आहेत आणि त्या बाजूला मोठ्या पुळणी नाहीत. कामारी, पेरिसा, पेरिवोलोस या काळ्या वाळूच्या पुळणी बेटाच्या दुसऱ्या बाजूला आहेत, आणि त्यांची वाळू दुपारी अनवाणी चालता येणार नाही इतकी तापते. उत्तर टोकाच्या इया गावातून दिसणाऱ्या देखाव्यासाठी तेथे खोली घेणारा आणि मग रोज पुळणीवर जाऊ पाहणारा प्रवासी वस्तुतः दोन वेगळ्या सुट्या एकाच तिकिटावर उरकू पाहत असतो.

यादी केवळ अपुरी असती तर तिच्यावर एवढा विस्तृत प्रतिवाद लिहिण्याची गरज नव्हती; पण ती कालबाह्य होऊनही प्रतिष्ठा टिकवते. झाकिन्थोसच्या वायव्येला उंच कड्यांनी वेढलेली नावायियो ही पुळण 1980 साली तेथे रुतलेल्या ‘पानायियोतिस’ या जहाजाच्या सांगाड्यामुळे जगप्रसिद्ध झाली. सप्टेंबर 2018 मध्ये कड्याचा भाग कोसळून काही पर्यटक जखमी झाले, आणि दरडींच्या धोक्यामुळे अलीकडच्या वर्षांत तेथे उतरण्यास बंदी घालण्यात आली. तरीही ‘अवश्य पोहावे’ अशा याद्यांतून तिचे छायाचित्र हटलेले नाही. सान्तोरिनीच्या आक्रोतिरीजवळील ‘रेड बीच’चीही तीच कथा आहे, तांबड्या, ठिसूळ ज्वालामुखीय कड्याखाली दगड कोसळतात असे फलक लावलेले असताना माणसे फलक ओलांडून जातात, कारण त्यांच्या हातातल्या यादीत तो फलक नसतो. अशा वेळी यादी सल्ला राहत नाही, ती धोक्याकडे नेणारी वाट बनते.

तिसऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे मानांकनांकडे, आता वळता येईल. ‘ब्लू फ्लॅग’ ही योजना 1985 साली फ्रान्समध्ये सुरू झाली, 1987 पासून युरोपभर पसरली, आणि आज पाण्याची गुणवत्ता, व्यवस्थापन, सुरक्षितता व पर्यावरणविषयक माहिती अशा गटांतील सुमारे 33 निकषांवर दरवर्षी नव्याने दिली जाते. ग्रीस या मानांकनांच्या संख्येत जगातील आघाडीच्या देशांपैकी एक असून तेथील 600 हून अधिक किनाऱ्यांवर हा ध्वज असतो. या योजनेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. जीवरक्षक, प्रथमोपचार आणि स्वच्छतागृह ज्याला हवे आहे त्याच्यासाठी ती खरोखर उपयोगी आहे. पण हा ध्वज मागावा लागतो. नगरपालिकेने किंवा किनारा चालवणाऱ्या हॉटेलने अर्ज केला तरच तो मिळतो, त्यामुळे जेथे रस्ता नाही, उपाहारगृह नाही आणि कोणी व्यवस्थापकच नाही अशी निर्मळ पुळण या स्पर्धेत उतरतच नाही. ध्वज नसणे म्हणजे पाणी अस्वच्छ असणे, हा निष्कर्ष त्यामुळे सपशेल चुकीचा ठरतो. युरोपीय संघाच्या 2006 च्या निर्देशानुसार स्नानयोग्य पाण्यातील जिवाणूंची स्वतंत्र तपासणी होते, आणि तीत ग्रीसचे नऊ-दशांशांहून अधिक किनारे ‘उत्कृष्ट’ या वरच्या श्रेणीत येतात. जेथे जवळजवळ सर्वच उत्तीर्ण आहेत तेथे पाण्याच्या शुद्धतेवरून निवड करणे शक्यच राहत नाही, आणि ध्वज मुख्यतः सोयींची माहिती देतो एवढेच म्हणता येते.

पाण्याच्या गुणवत्तेविषयीचा आणखी एक गैरसमज याद्यांनी जोपासला आहे. अनेक पुळणींच्या काठी तपकिरी, फितीसारख्या पानांचे ढीग साचलेले दिसतात, आणि ‘घाण’ असा शेरा मारून अशा किनाऱ्यांचा क्रम खाली ढकलला जातो. ही पाने पॉसिडोनिया ओशनिका या भूमध्य समुद्रातच आढळणाऱ्या सागरी गवताची असतात. हे शेवाळ नसून मुळे, खोड, पाने आणि फुले असलेली वनस्पती आहे, आणि तिची कुरणे वाढायला स्वच्छ, प्रकाश आत शिरू देणारे पाणी लागते. काठावर साचलेला पानांचा थर हिवाळ्यातील लाटांचा मारा झेलून वाळू वाहून जाण्यापासून वाचवतो, त्यामुळे तो यंत्राने खरवडून काढला तर काही वर्षांत पुळणच आखडत जाते. यादीच्या दृष्टीने जो दोष आहे तोच निसर्गाच्या दृष्टीने आरोग्याचा पुरावा असतो, आणि प्रवाशांच्या नाराजीच्या भीतीने तो पुसून टाकणे म्हणजे चांगल्या किनाऱ्याला यादीसाठी बिघडवणे होय.

याद्यांना कंटाळलेल्या वर्गाने एक पर्याय शोधला आहे, आणि तो अधिक घातक आहे. ‘कोणालाही माहीत नसलेले दहा किनारे’ अशी उलटी यादी हा वर्ग मांडतो. जी जागा छापली जाते ती अज्ञात राहत नाही, हा तर्कदोष सोडून दिला तरी, काही पुळणी निर्जन असतात त्या निर्जनच राहाव्यात म्हणून, हे विसरले जाते. झाकिन्थोसच्या दक्षिणेचा लागानास उपसागर हे कॅरेटा कॅरेटा या समुद्री कासवाचे भूमध्य समुद्रातील अतिशय महत्त्वाचे घरटे-क्षेत्र आहे. मादी रात्री वाळूत अंडी घालते, दोनेक महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून उजेडाच्या दिशेने समुद्राकडे धावतात, आणि छत्रीचा खांब अंडी फोडतो तर उपाहारगृहाचा दिवा पिल्लांची दिशाभूल करतो. 1999 साली तेथे राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झाले, आणि तरीही संरक्षण अपुरे पडल्याबद्दल 2002 साली युरोपीय न्यायालयाने ग्रीसला दोषी ठरवले. आज तेथील घरट्यांच्या पुळणी हंगामात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत बंद असतात आणि सेकानिया ही पुळण तर पर्यटकांसाठी खुलीच नाही. शिवाय ग्रीक सरकारने अलीकडे दोनशेहून अधिक पुळणी ‘अस्पर्श’ म्हणून जाहीर करून तेथे खाटा-छत्र्या लावण्यास आणि गोंगाटाच्या कार्यक्रमांना मनाई केली आहे. ‘गुप्त’ किनाऱ्याचा शोध हे प्रत्येक वेळी साहस असतेच असे नाही; अनेकदा ते अतिक्रमण असते.

यादी ज्या प्रश्नाला कधीच हात घालत नाही तो म्हणजे किनारा कोणाचा. समुद्र आणि त्याचा काठ सर्वांचा, आणि काठाची हद्द हिवाळ्यातील सर्वांत मोठी लाट जेथवर पोचते तेथवर, हे तत्त्व इ.स. 533 मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने तयार झालेल्या रोमन कायद्याच्या ग्रंथात नमूद आहे, आणि आधुनिक ग्रीसच्या 2001 च्या किनारा-कायद्यातही तीच कल्पना टिकून आहे. व्यवहारात मात्र भाड्याच्या खाटांनी पुळणीमागून पुळण व्यापली, आणि 2023 च्या उन्हाळ्यात पारोसच्या रहिवाशांनी हातात टॉवेल घेऊन आपल्याच किनाऱ्यावर बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले, जे लवकरच इतर बेटांवर पसरले. त्यानंतर आलेल्या 2024 च्या कायद्यानुसार भाड्याने दिलेल्या किनाऱ्याचा निम्मा भाग, आणि संरक्षित क्षेत्रांत 70 टक्के भाग, मोकळा ठेवणे बंधनकारक असून, खाटांची पहिली रांग पाण्यापासून किमान चार मीटर अंतरावर असावी लागते. उल्लंघनाची तक्रार करण्यासाठी ‘मायकोस्ट’ हे सरकारी ॲपही आहे. या संघर्षाकडे पाहिले तर यादी निष्पाप राहत नाही, कारण गर्दी कोठे लोटायची हे तीच ठरवते आणि जेथे गर्दी लोटते तेथेच खाटांचे भाडे चढते.

पूर्वपक्षातील एक अंश मात्र मान्य केला पाहिजे. काही किनारे पोहण्यासाठी नव्हे तर पाहण्यासाठी जावे असे आहेत, आणि त्यांच्यासाठी नाव आधी ठाऊक असणे योग्यच होय. क्रीटच्या पूर्व टोकाचे वाई आणि दक्षिणेचे प्रेवेली येथील, प्राचीन ग्रीक विचारवंत थिओफ्रास्टस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खजुरीच्या जातीचे वन, नैर्ऋत्येच्या एलाफोनिसीची शंखशिंपल्यांच्या आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्याने गुलाबी झालेली वाळू, किंवा साराकिनिकोचे खडक वारा सुटला तरी पाहण्यासारखेच राहतात. पण हे देखावे आहेत, आणि त्यांची निवड देखाव्याच्या नियमांनी व्हावी: सकाळी लवकर जावे, तासा-दोन तासांत परतावे, वाळूचा कण उचलू नये, आणि तेथे दिवसभर पोहणे झाले नाही म्हणून फसवणूक झाली असे मानू नये. देखावा आणि स्नान यांची एकाच क्रमात सरमिसळ करणे ही यादीची मूळ चूक आहे.

उरतो तो वेळेचा पहिला मुद्दा. मुक्काम आधी ठरवावा लागतो आणि वारा आधी कळत नाही, तेव्हा आयत्या वेळी निवड कशी करणार, असे विचारले जाईल. उत्तर असे की, आधी ठरवायचे ते किनाऱ्याचे नाव नसून मुक्कामाची जागा आहे, आणि ती अशी असावी की जेथून विरुद्ध तोंडांच्या दोन किनाऱ्यांवर सहज जाता येईल. मिलोससारख्या लहान बेटावर हे सोपे आहे. सुमारे 260 किलोमीटर लांबीच्या क्रीटवर ते एकाच भागात मुक्काम ठेवला आणि संपूर्ण बेट पालथे घालण्याचा हव्यास सोडला तरच शक्य होते. मग रोज सकाळी वाऱ्याची दिशा व जोर पाहावा, ज्यांच्या घरी उतरलो त्यांना विचारावे, तळ वाळूचा की गोट्यांचा, उथळ की खोल हे आपल्यासोबतच्या माणसांच्या दृष्टीने तपासावे, सावलीसाठी काठावर टॅमरिस्कची झाडे आहेत का ते पाहावे, आणि त्या दिवसापुरता निर्णय करावा. याला यादी वाचण्याहून अधिक वेळ लागत नाही, आणि चुकीच्या किनाऱ्यावर घालवलेला एक दिवस मात्र वाचतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या बाबतीत सुटीचा काळही विचारात घ्यावा लागतो. शाळांच्या मे महिन्यातील सुटीत मेल्तेमी अजून स्थिरावलेला नसतो, दक्षिणेचे वारेही येतात आणि पाणी 20 अंशांच्या आसपास, म्हणजे कोकणच्या सवयीला थंडगार असते. दिवाळीच्या सुटीत वारा ओसरलेला आणि पाणी अजून उबदार असू शकते, पण बोटींच्या फेऱ्या आणि किनाऱ्यावरच्या सोयी घटत जातात. ऑगस्टमधल्या प्रवाशांनी दिलेले क्रमांक या दोन्ही काळांना जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे.

सारांश, ‘सर्वोत्तम दहा’ची यादी वेळ वाचवत नाही, अनेकांचे मत म्हणून जे देते ते कोणत्याही दिवसाचे सत्य नसते, आणि मानांकनांच्या आधारे जी हमी देते ती पाण्याची नसून सोयींची असते. एजियनमध्ये चांगला किनारा हे एखाद्या जागेचे कायमचे लक्षण नसून जागा, वारा, तळ आणि येणारा माणूस यांच्या त्या दिवशीच्या मेळाचे फळ आहे. म्हणून ग्रीक बेटावर जाणाऱ्याने बेट निवडावे, बाजू निवडावी, मुक्काम नीट निवडावा, आणि किनाऱ्याचे नाव त्या दिवशी सकाळी वाऱ्याचा अंदाज पाहिल्यानंतरच ठरवावे.